धडक देणारा पळाला, नाहीतर त्याचा विमाच नाही: मोटारीचा क्लेम कसा करायचा

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, तासगाव, विटा या पट्ट्यात संध्याकाळनंतरच्या अपघातांचा एक ठरावीक नमुना दिसतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नंबर प्लेट चिखलानं भरलेली, अशी उसाची ट्रॉली. धडक झाल्यावर ट्रॅक्टरवाला थांबतो किंवा थांबत नाही. थांबला तर विम्याचा कागद दोन वर्षांपूर्वीचा निघतो. महामार्गावरचा प्रकार निराळा. तिथे कंटेनर बाजूनं घासून जातो आणि खंबाटकीच्या गर्दीत मिसळतो. दोन्हीकडे कारवाल्याची फसगत एकाच ठिकाणी होते. 'समोरच्याच्या विम्यातून मिळेल' म्हणून तो थांबतो आणि तेवढ्यात स्वतःच्या कंपनीला कळवायची, पोलिसांत नोंद करायची आणि फुटेज हाती लागायची वेळ निघून जाते.

म्हणून सुरुवातीलाच डोक्यात दोन फायली वेगळ्या करा. एक गाडीच्या नुकसानीची, दुसरी माणसाच्या इजेची. या दोन्हींचे पैसे वेगळ्या ठिकाणाहून येतात, कागद वेगळे लागतात आणि मुदतीही वेगळ्या.

कोणते पैसे कुठून येतात

गाडीचं नुकसान: समोरची गाडी सापडली नाही किंवा बिनविम्याची निघाली, तर व्यवहारात एकच दार उरतं, तुमच्याच पॉलिसीतला 'ओन डॅमेज' भाग. तो फक्त पॅकेज पॉलिसीत (लोक जिला फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात) किंवा वेगळ्या घेतलेल्या ओन डॅमेज पॉलिसीत असतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक रुपयाही मिळत नाही, चूक शंभर टक्के समोरच्याची असली तरी. 'समोरच्याचा विमा नसेल तर आमची कंपनी त्याच्या जागी भरेल' असं वेगळं संरक्षण काही परदेशांत मिळतं. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत ते शोधत बसू नका.

माणसाची इजा किंवा मृत्यू: गाडी सापडलीच नाही तर केंद्राची हिट अँड रन भरपाई योजना. गाडी सापडली पण विमा नाही, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (सगळे त्याला ट्रिब्युनलच म्हणतात) मालक आणि चालकाविरुद्ध दावा. गाडी सापडली असताना हिट अँड रनचा अर्ज चालत नाही, विमा नसला तरीही. इथे बरेच लोक चुकीच्या टेबलावर महिने घालवतात.

गाडी चालवणारा मालक स्वतः: त्याच्यासाठी पॉलिसीतला १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा. समोरचा कोण होता, सापडला का, याच्याशी त्याचा संबंध नाही. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. चालवण्याचा वैध परवाना मात्र हवा. दवाखान्याचं बिल यातून मिळत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा.

पहिला तास

कुणाला लागलं असेल तर १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही कळवा. त्यांच्याकडे क्रेन आणि रुग्णवाहिका असते आणि तुमच्या फोनची वेळ त्यांच्या नोंदीत राहते. ही नोंद पुढे उपयोगी पडते.

गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो काढा. नुसते डेंटचे जवळचे फोटो पुरत नाहीत. चारही कोपऱ्यांतून गाडी, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, किलोमीटरचा दगड किंवा एखाद्या दुकानाची पाटी दिसेल असा लांबचा फोटो, आणि खाली पडलेल्या तुकड्यांचा फोटो काढा. तुकडे फार कामाचे असतात. दिव्याच्या किंवा बंपरच्या प्लास्टिकवर आतल्या बाजूला उत्पादकाचा पार्ट नंबर ठशात उमटवलेला असतो. त्यावरून पळालेली गाडी कोणत्या मॉडेलची आणि साधारण कोणत्या सालातली, हे कळतं. ते तुकडे उचलून डिकीत टाकू नका. जागेवरच ठेवून पंचनाम्यात जप्त करायला सांगा. तुमच्या दारावर घासलेल्या जागी दुसऱ्या गाडीचा रंग लागला असेल तर सर्व्हे होईपर्यंत गाडी धुऊ नका.

नंबर पूर्ण वाचता आला नाही तरी जे दिसलं ते लगेच लिहा: एमएच ५० होतं की एमएच ११ की एमएच १०, मधली अक्षरं, शेवटचे दोन आकडे, रंग, मागे लिहिलेलं नाव किंवा घोषणा, ट्रकच्या फाळक्यावरचं ट्रान्सपोर्टचं नाव. अर्धा नंबर, मॉडेल आणि रंग एवढ्यावर पोलिसांना वाहन नोंदणीच्या माहितीतून यादी लहान करता येते. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, असे दोन्ही नंबर घ्या. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर तीन. उसाच्या ट्रॉलीवर बहुधा कारखान्यानं दिलेला वाहतूकदाराचा क्रमांक रंगवलेला असतो. नंबर प्लेट नसली तरी त्या क्रमांकावरून मालक सापडू शकतो, कारण कारखान्याच्या शेती विभागाकडे करार असतो.

पळालेली गाडी महामार्गावर कुठल्या दिशेनं गेली हे नीट सांगा. साताऱ्याहून पुण्याकडे गेली तर आनेवाडी टोलनाका लागतो, उंब्रजहून कराडकडे गेली तर तासवडे, पेठ नाक्यावरून कोल्हापूरकडे गेली तर किणी. टोलवरचं फुटेज आणि फास्टॅगची नोंद खासगी माणसाला मिळत नाही. पोलिसांनी पत्र दिलं की मिळते. त्यामुळे फिर्यादीत दिशा आणि वेळ आली तरच पुढचं पत्र निघतं. पेट्रोल पंप, धाबा, दुकान यांच्या कॅमेऱ्यांचं मात्र त्याच दिवशी बघा. साध्या डीव्हीआरमध्ये जागा संपली की जुन्यावर नवं चढतं. कधी पंधरा दिवस टिकतं, कधी आठवडाही नाही. मालकाला विनंती करून तेवढा भाग मोबाइलवर घ्या आणि मूळ फुटेज जपून ठेवण्याबद्दल पोलिसांकडून पत्र देववा.

एक काम मात्र टाळा. समोरचा थांबला, गयावया करू लागला आणि 'दोन हजार घ्या, मिटवून टाका' म्हणाला, तर 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. नुकसान भरून देणारी तुमची कंपनी पुढे त्या मालकाकडून वसुली करू शकते. तो हक्क तुम्हीच लिहून सोडलात तर ती तुमच्या क्लेमवर बोट ठेवेल. खरचट एवढीच किरकोळ असेल की क्लेम करायचाच नाही, तर जागेवर पैसे घेऊन विषय संपवणं शहाणपणाचं. पण दोन्ही डगरींवर हात ठेवू नका. शिवाय आतलं नुकसान (रेडिएटरचा ब्रॅकेट, चेसिसचा कोपरा) बंपर काढल्याशिवाय दिसत नाही, हे दोन हजारांवर हो म्हणण्याआधी आठवा.

पोलीस ठाण्यात काय लिहून घ्यायचं

हद्द ज्या ठाण्याची, तिथे जा. हद्दीचा वाद निघाला तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. कुणी जखमी असेल तर गुन्हा नोंद व्हायलाच हवी. साधारणपणे भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५ (मृत्यू असल्यास १०६), मोटार वाहन कायद्याचं १८४, आणि चालक पळाला असेल तर १३४ सह १८७ लागतं. गाडी सापडून विमा नाही असं निघालं तर १४६ सह १९६ लावून घ्या. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास दंड ४,०००. दंडाचा आकडा किरकोळ वाटेल, पण हे कलम लागल्यानं 'विमा नव्हता' ही गोष्ट सरकारी कागदावर येते आणि ट्रिब्युनलमध्ये तीच कामाला येते.

फिर्यादीत 'अज्ञात वाहन' एवढंच लिहून थांबू नका. 'अज्ञात चालकाने, पांढऱ्या रंगाच्या, एमएच ५० पासिंगच्या मालवाहू टेम्पोने' असं जेवढं माहीत आहे तेवढं येऊ द्या. जे पाहिलं नाही ते मात्र घालू नका. नंतर कुणीतरी सुचवलेला नंबर पुरवणी जबाबात घातला की विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तिथेच पकडतो. 'बसवलेली गाडी' हा ट्रिब्युनलमधला कंपन्यांचा नेहमीचा बचाव आहे, म्हणजे धडक न दिलेली विम्याची गाडी नंतर गोवल्याचा आरोप, आणि तो बऱ्याचदा खराही असतो.

नुसता पत्रा चेपला आहे, कुणालाही खरचटलेलं नाही, अशा वेळी पोलीस बहुधा ठाणे दैनंदिनीत नोंद घेतात. ओन डॅमेज क्लेमला एवढी नोंद बहुतेक वेळा पुरते. तिची प्रत घ्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

समोरच्याला खरंच विमा नाही का?

एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि 'विमा कधीपर्यंत' ती तारीख दिसते. पण तिथे तारीख संपलेली दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. नोंद मागे पडलेली असू शकते. मालकाचा शब्दही प्रमाण धरू नका, कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे अपघातग्रस्ताला गाडीची, मालकाची, चालकाची आणि विम्याची माहिती देणं आरटीओ आणि पोलिसांवर बंधनकारक आहे. अर्ज करून ठरलेली फी भरली की मिळते.

कागद हातात आल्यावर तारखेबरोबर वेळही बघा. धडक दुपारी साडेतीनला झाली आणि पॉलिसी त्याच दिवशी सहा वाजता सुरू झाली, तर ती गाडी बिनविम्याचीच. अपघातानंतर घाईनं मोबाइलवर पॉलिसी काढण्याचा प्रकार नवा नाही.

उलट बाजूही आहे. विमा आहे पण चालकाकडे परवाना नाही किंवा तो दारू प्यायलेला होता, तर ती गाडी 'बिनविम्याची' होत नाही. तिसऱ्या पक्षाला आधी कंपनी पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते, हा आता रुळलेला नियम आहे. 'ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, आता काही मिळणार नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तीन ठिकाणी विशेष लक्ष द्या. एक, एसटी बस. ॲपवर विमा दिसला नाही म्हणून घाबरू नका. महामंडळाला विम्यातून कायद्यानं सूट आहे, भरपाई महामंडळ स्वतः देतं आणि दाव्यात त्यालाच प्रतिवादी करतात. दोन, विकलेली पण नावावर न केलेली गाडी. आपल्याकडे जुन्या जीप, टेम्पो, ट्रॅक्टर चार हात फिरलेले असतात आणि आरसी पहिल्याच्याच नावावर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि तोच जबाबदार. म्हणून 'मी गाडी केव्हाच विकली' हे उत्तर ग्राह्य धरू नका, त्यालाही पक्षकार करा. तीन, ट्रॅक्टरला विमा आणि ट्रॉलीला नाही. कंपनी यावर हमखास वाद घालते. ट्रॅक्टर शेतीकामासाठी विमा उतरवलेला आणि भाड्यानं ऊस ओढत होता, हा त्याच्याच जोडीचा दुसरा वाद. त्यासाठीच वर दोन्ही नंबर घ्यायला सांगितलं.

गाडीचा क्लेम: पायऱ्या आणि कापाकापी

कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर किंवा ॲपवर, आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. उशीर झाला तर कारण लेखी द्या. खरा क्लेम केवळ उशिराच्या कारणावरून फेटाळू नये, असं विमा नियामक इर्डानं २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलं आहे. पण उशिरानं पुरावा जातो, हे त्याहून मोठं नुकसान.

गाडी वर्कशॉपला नेल्यावर सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) येण्याआधी काहीही खोलू देऊ नका. गाडी चालवण्याजोगी नसेल तर टोइंगची पावती घ्या. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय सांगायचा. लहान क्लेममध्ये फोटो-व्हिडिओवरच सर्व्हे होतो.

क्लेम फॉर्ममधलं वर्णन साधं आणि खरं ठेवा. सर्व्हेअर डेंटची उंची, घासल्याची दिशा आणि पत्र्यावरचा गंज बघतो. ट्रॉलीच्या कोपऱ्यानं लागलेला मार बोनेटच्या उंचीवर असतो, दुचाकीचा बंपरच्या. 'कुत्रं आडवं आलं' अशी ऐकीव कथा लिहिली आणि दारावर निळा रंग घासलेला निघाला, तर क्लेम तिथेच अडकतो. रात्री उभ्या गाडीला कुणी ठोकून गेलं असेल तर 'पार्क केलेल्या गाडीला अज्ञात वाहनाची धडक' असंच लिहा. त्यात काही कमी पडत नाही. आणि मागच्या वर्षीचा जुना डेंट याच क्लेममध्ये ढकलू नका. दोन जागचे मार म्हणजे दोन घटना, आणि प्रत्येक घटनेला सक्तीची वजावट (तुम्ही स्वतः भरायची ठरलेली रक्कम) वेगळी.

पैसे पूर्ण का मिळत नाहीत, ही सगळ्यात मोठी तक्रार. कापणीचे दर ठरलेले आहेत. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा (झिजेपोटी कापली जाणारी रक्कम). फायबरग्लासवर ३०. काचेवर शून्य. पत्र्याच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात फक्त मालावर ५० टक्के घसारा. बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात. मजुरीवर घसारा नाही. शिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

समजा गाडी सव्वाचार वर्षांची, १२०० सीसी. बिल असं: बंपर ८,०००, दार १२,०००, हेडलाइट ६,०००, मजुरी ७,०००, रंग ८,०००. एकूण ४१,००० (जीएसटी बाजूला ठेवू). बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचे म्हणून ४,००० आणि ३,०००. दाराला ३५ टक्के कापून ७,८००. मजुरी पूर्ण ७,०००. रंगातले २,००० माल, त्यातले १,००० गेले, उरले ७,०००. बेरीज २८,८००, त्यातून १,००० वजावट. हातात २७,८००, खिशातून १३,२००. 'झीरो डेप' (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) घेतलं असतं तर वजावट सोडून जवळजवळ सगळं मिळालं असतं.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. चूक तुमची नसली, समोरचा पळून गेलेला असला, तरी ओन डॅमेज क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो. हे अन्यायाचं वाटतं, पण बोनस 'क्लेम नाही' याचा आहे, 'चूक नाही' याचा नव्हे. तो फक्त ओन डॅमेज हप्त्यावर मिळतो, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी. समजा बोनसपूर्वीचा ओन डॅमेज हप्ता ९,००० आहे आणि आज ४५ टक्क्यांवर आहात. क्लेम न घेतल्यास पुढे दरवर्षी ५० टक्के म्हणजे ४,५०० वाचतात. क्लेम घेतल्यास पहिल्या वर्षी ४,५०० चा तोटा, मग २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५०. एकूण ११,२५०. गाडीची किंमत घटते तसा हप्ता घटतो, म्हणून खरा आकडा याहून थोडा कमी. तेव्हा हातात सात-आठ हजारच पडणार असतील तर क्लेम न करणं बरं. २७,८०० मिळणार असतील तर जरूर करा. हा हिशेब वर्कशॉपवाला तुम्हाला करून देणार नाही, त्याला क्लेममध्येच रस असतो.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात.

वरच्या उदाहरणात क्लेम मिळूनही घसारा आणि वजावटीचे १३,२०० खिशातून गेले, तेवढे बिनविम्याच्या गाडीच्या मालकाकडून मागता येतात. कंपनीनं दिलेली रक्कम मात्र पुन्हा मागता येत नाही.

जखमी असल्यास: आधी उपचार, मग अर्ज

५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे: नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. धडक देणारा सापडला की नाही, विमा होता की नाही, याची अट नाही. पोलिसांचा दुजोरा लागतो, म्हणून ११२ चा फोन टाळू नका. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात न्या, सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात न्या किंवा खासगीत, दाखल करताना 'रस्ता अपघात' असं सांगून एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयाची) नोंद झालीच पाहिजे. 'घरात पडला' असं लिहिलेलं केसपेपर पुढचा प्रत्येक दावा बुडवतो. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक असं सांगतात, आणि सहा महिन्यांनी तोच कागद समोर येतो.

गाडी सापडलीच नाही: हिट अँड रन योजना

१ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. त्याआधी ही रक्कम २५,००० आणि १२,५०० होती. गंभीर दुखापत म्हणजे कायद्यात सांगितलेलीच: हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, डोळा वा कान निकामी होणं, पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं न करता येणं, वगैरे. नुसते टाके पडले तर बसत नाही. गाडीच्या नुकसानीला ही योजना काहीच देत नाही.

अर्ज अपघात जिथे झाला त्या उपविभागाच्या किंवा तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. राहायला मिरजेत आणि अपघात शिरवळजवळ, तर अर्ज खंडाळा तालुक्याच्या बाजूला. सोबत:

- नमुना १ मधला अर्ज आणि नमुना ४ मधलं हमीपत्र
- एफआयआरची प्रत
- शवविच्छेदन अहवाल किंवा जखमेचं प्रमाणपत्र
- जखमी वा मृताचा आणि अर्जदाराचा ओळख व पत्त्याचा पुरावा
- बँक पासबुकची प्रत, आणि कॅशलेस उपचार घेतले असल्यास रुग्णालयाचं बिल

चौकशी अधिकाऱ्यानं एका महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकारी दर्जाच्या दावा निपटारा आयुक्तानं १५ दिवसांत मंजुरी द्यायची, आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं पुढच्या १५ दिवसांत खात्यात पैसे जमा करायचे. प्रत्यक्षात फाइल पहिल्याच टेबलावर रेंगाळते. बरेचदा कार्यालयात ही योजना कुणाकडे आहे हेच पटकन सांगता येत नाही. म्हणून अर्जावर पोच घ्या आणि तारीख टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ जानेवारी २०२४ च्या आदेशाप्रमाणे, गुन्हा नोंदवून महिनाभरात गाडीचा तपास लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची असते. ती आली नाही तर ठाण्यात लेखी मागा. त्याच पत्रावरून 'गाडी सापडली नाही' हेही सिद्ध होतं.

पुढे गाडी सापडली आणि मोठी भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते. हमीपत्र त्यासाठीच. तेव्हा ५० हजार घेतले म्हणून मोठा दावा बुडत नाही.

गाडीत बसलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. तुमची पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीतल्या प्रवाशांबाबतची जबाबदारी त्यात येते, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही. अपघातात तुमचाही थोडा दोष असेल, तर प्रवाशांना पूर्ण भरपाई तुमच्या कंपनीकडूनच मागता येते, पळालेला ट्रक सापडण्याची वाट बघावी लागत नाही. नवरा गाडी चालवत होता आणि बायको जखमी झाली, तर बायकोनं नवऱ्याला प्रतिवादी करायचं, हे घरच्यांना विचित्र वाटतं. पण पैसे नवऱ्याला भरावे लागत नाहीत, कंपनी भरते.

गाडी सापडली, विमा नाही: ट्रिब्युनल

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. या मुदतीवरून न्यायालयांत वाद झाले आहेत, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दावा अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कुठेही करता येतो. तुम्ही सांगलीचे असाल तर अपघात साताऱ्याच्या हद्दीत झाला तरी सांगलीतच दावा चालेल. चूक सिद्ध न करता हवी असेल तर कलम १६४ खाली ठराविक रक्कम आहे, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. विमा नसेल तर ती मालकाला द्यावी लागते. कमावता माणूस गेला असेल तर पाच लाखांवर समाधान मानण्याआधी वकिलाकडून १६६ चा हिशेब करून घ्या, तो बहुधा बराच मोठा निघतो.

खरी अडचण निकालानंतर येते. हुकूम मिळतो, पैसे मिळत नाहीत. म्हणून वसुलीची तयारी पहिल्या आठवड्यातच करा. बिनविम्याची गाडी अपघातात सापडली तर मालकानं पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडता येत नाही. हमी दिलीच नाही तर तीन महिन्यांनी लिलाव होऊन पैसे ट्रिब्युनलकडे जमा व्हायला हवेत. गाडी सोडण्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे येतो तेव्हा तुमचा वकील तिथे हजर हवा. गाडी एकदा सुटली की ती विकली जाते, हे गृहीतच धरा. दुसरं म्हणजे मालकाचे सातबारा आणि आठ-अचे उतारे ऑनलाइन काढून ठेवा. कलम १७४ प्रमाणे ट्रिब्युनलनं दाखला दिला की जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर गाडी सोडून काही दिसत नसलं तरी दीड एकर बागायत निघू शकते. आणि बोजा चढण्याची नोटीस हातात पडली की आतापर्यंत न उचललेला फोन उचलला जातो, तडजोड लोकअदालतीत होते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि कमी उत्पन्नाचे अर्जदार यांना तिथून वकील मोफत मिळतो.

तुमच्याच कंपनीनं अडवलं तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे कार्यालयाकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतले जातात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, तिथे दोन वर्षं. लोकपालाकडे फक्त तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा वाद चालतो. बिनविम्याच्या ट्रॅक्टरच्या मालकाला तिथे खेचता येत नाही, त्याच्यासाठी ट्रिब्युनलच.